आमटीची चव आणि उपग्रहाचा अंदाज

आमटीची वाटी पुढे ठेवून कोणी विचारले, ‘आंबटपणा चिंचेचा की आमसुलांचा?’ तर आपण ती चाखून पाहू. तरीही शंका उरली, तर आमटी देशावरची की कोकणातली, हे विचारू. उपग्रहावरून हवेचे तापमान व आर्द्रता शोधताना आपण असेच काहीसे करतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडते. तव्याची धग दुरून जाणवते ती त्यामुळेच. जमिनीकडून निघालेले हे किरण हवेतील काही वायू शोषतात आणि स्वतःही किरण सोडतात. 15 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, तर 6 ते 7 मायक्रॉनच्या आसपास पाण्याची वाफ जोरदार शोषण करते. शोषण तीव्र असेल तर उपग्रहापर्यंत मुख्यतः वरच्या थरांचे किरण पोचतात. कमी असेल तर खालच्या थरांचेही. 2013 साली सोडलेल्या इन्सॅट-3डी उपग्रहाच्या साउंडर या उपकरणात अशा 18 अवरक्त वाहिन्या होत्या.

अडचण अशी, की हवेच्या निरनिराळ्या स्थितींतून जवळजवळ तेच 18 आकडे मिळू शकतात. मग उत्तर निवडायचे कसे? अनुभवाने! यंत्राला हजारो जोड्या दाखवतात : एकीकडे उपग्रहाचे आकडे, दुसरीकडे त्याच वेळी, त्याच ठिकाणी फुग्याबरोबर सोडलेल्या उपकरणाने मोजलेले तापमान व आर्द्रता. प्रत्येक चुकीनंतर संगणक आपले गुणक थोडे बदलतो. हेच यंत्र-शिक्षण.

पण अनुभव कुठला, हे महत्त्वाचे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगलीतील जत हे तालुके मात्र अवर्षणप्रवण. केवळ किनाऱ्याकडच्या दमट हवेवर शिकलेले यंत्र जतच्या हवेलाही दमट ठरवू शकेल. म्हणजे चिंचेला आमसूल म्हणण्यासारखेच!

दाट ढग असले तर अवरक्त किरणांना ढगाचा माथाच दिसतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, त्यासारख्या अतिवृष्टीच्या दिवसांत ढगाखालची हवा जाणण्याची गरज सर्वांत मोठी असते. आणि नेमके तेव्हाच हे उपकरण आंधळे होते. तेथे ढगांतून बऱ्याच अंशी पार होणाऱ्या सूक्ष्मतरंगांची मदत घ्यावी लागते. म्हणून यंत्राने उत्तराबरोबर त्याची खात्री किती, हेही सांगायला हवे.

वर्गात तीन वह्यांचे एकूण वजन सांगून प्रत्येकीचे वजन ओळखायला सांगा. मुलांची उत्तरे वेगवेगळी येतील. मग अशा वह्यांचे आधीचे काही संच दाखवून पुन्हा विचारा. अंदाज सुधारेल; पण वह्यांचा प्रकारच बदललात, तर पुन्हा चुकेल. यंत्राचेही तसेच.