गणवेश धुणारी कोच

कात्रपला आमच्या घरी परवा वाद झाला. पुतणी कॉलेजात बास्केटबॉल खेळते, तिला पुढे कोच व्हायचंय. भाभींचा सवाल साधा होता, ‘‘मुलींना चेंडू फेकायला शिकवून कुणाचं पोट भरलंय?’’ मी कवी माणूस, हा प्रश्न माझ्या ओळखीचा! मी पॅट समिट यांची हकीकत सांगितली.

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात १९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्याच चालवत, गणवेशही त्याच धूत. पहिलाच सामना एका गुणाने गेला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करू नये, असा कायदा तिथे १९७२ साली झाला होता. त्यामुळे मुलींच्या खेळाला हळूहळू पैसा आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पण कायदा काही सामने जिंकून देत नाही. ते बाईंनी केलं: ३८ हंगाम, १०९८ विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं.

मला त्यांचा दुसराच हिशेब आवडतो. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवला तर सामनाही बुडाला!

२०११ साली, ५९व्या वर्षी त्यांना अल्झायमरचं निदान झालं. ते जाहीर करून त्या आणखी एक हंगाम संघाबरोबर राहिल्या. २०१६ साली त्या गेल्या.

भाभी जरा वेळ गप्प होत्या. मग लेकीकडे वळल्या, ‘‘पहिल्या तीन रांगा. ऐकलंस ना?’’