पावसांत बंद पडणारी मोटार

मुसळधार पावसांत एखादी जुनी मोटार रस्त्याच्या मधोमध गप्प होते, मागच्या गाड्या कर्णे वाजवूं लागतात, आणि बाजूस उभा असलेला प्रत्येक गृहस्थ आपापलें निदान सांगतो. एकाच्या मतें पेट्रोल संपलें, दुसऱ्याच्या मतें बॅटरी गेली. तासाभरानें पाऊस थांबतो, आणि कोणीं कांहीं दुरुस्त न करतां तीच मोटार सुरू होते! हा चमत्कार नव्हे. त्यामागें सरळ कार्यकारणभाव आहे, व शाळेंत शिकलेल्या पदार्थविज्ञानानें तो उकलतां येतो.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊं. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत धावलेली ही गाडी कांहीं घरीं अद्याप जपून ठेवलेली आढळते. तिच्या चार नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जातें, आणि तें पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तोच दाब ‘कॉइल’ नांवाचें तारांचें वेटोळें हजारों व्होल्टपर्यंत चढवितें. पुढें ‘डिस्ट्रिब्यूटर’ हा भाग ती वीज चार प्लगांस पाळीपाळीनें वांटून देतो. यंत्र मिनिटास ३००० फेरे घेत असतां सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात.

इतक्या मोठ्या दाबाची वीज निसटण्यास वाटच शोधीत असते. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण व तारांचें रबरी आवरण नवें असेल, तर तें तिला अडवून धरतें. परंतु वर्षानुवर्षें उष्णता सोसून आवरण तडकतें, झांकणास केसासारखी भेग पडते, आणि त्यांवर धूळ व तेल यांचा थर बसतो. उन्हाळ्यांत हें खपून जातें. पावसांत मात्र त्या मळांत ओल मुरते, आणि वीज प्लगापर्यंत न पोंचतां त्या ओल्या वाटेनें यंत्राच्या लोखंडांत निघून जाते. ठिणगी नाहीं, म्हणून गति नाहीं. ओल सुकली कीं गाडी पुनः चालूं लागते. १९५९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘मिनी’ या लहान मोटारींत तर डिस्ट्रिब्यूटर समोरच्या जाळीच्या लगेच मागें होता; त्यामुळें नवी कोरी गाडीहि जोराच्या पावसांत अडूं लागली.

तेव्हां निदान करणाऱ्यानें हत्यार उचलण्यापूर्वीं प्रश्न विचारावे. गाडी नुसत्या पावसानें थांबते, कीं साचलेल्या पाण्यांतून गेल्यावर? सुकल्यावर ती आपोआप सुरू होते काय? होत असेल, तर संशय ठिणगीच्या मार्गावर घ्यावा. कोरड्या दिवशीं, अंधार पडल्यावर, जाणत्या मिस्त्रीनें यंत्र चालू ठेवून झांकणावर व तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. जेथें वीज गळते तेथें निळसर ठिणग्या नाचतांना दिसतात. त्या वेळीं तारेस कोणींहि हात लावूं नये. धक्का जबर बसतो. ओला भाग कोरड्या फडक्यानें पुसून तात्पुरतें काम भागतें. खरा उपाय म्हणजे भेगाळलेलें झांकण व तारा बदलणें. याउलट, कोरड्या दिवशींहि गाडी आचके देत असेल, तर टांकींत पाणी शिरलें असण्याचा संभव आहे. मिस्त्रीनें थोडें पेट्रोल कांचेच्या भांड्यांत काढून स्थिर ठेवलें, कीं पाणी जड असल्यामुळें तळाशीं बसलेलें स्पष्ट दिसतें.

एक प्रकार मात्र फार घातक आहे. गाडी खोल पाण्यांत शिरून बंद पडली, तर हवेच्या वाटेनें पाणी नळकांड्यांत गेलेलें असूं शकतें. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. अशा वेळीं किल्ली पुनः पुनः फिरविल्यास दट्ट्याचा दांडा वांकतो आणि यंत्र निकामी होतें. येथें प्लग काढून आंतलें पाणी बाहेर घालविल्यावांचून किल्लीस हात लावूं नये. आणि गाडीहून माणूस मोलाचा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मोटारींत अडकून पडलेल्या कांहीं जणांनीं प्राण गमावले. म्हणून पाणी चढत असतां निदान राहूं द्यावें, आणि दार उघडतें आहे तोंवर बाहेर पडून उंच जागा गांठावी.

एकंदरीत पाहतां, जुन्या गाडींत पाऊस दोष उत्पन्न करीत नाहीं. असलेला दोष तो उघडकीस आणतो. वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. तें घरहि पाऊस येईपर्यंत भक्कमच दिसत असलें पाहिजे. ज्यांच्या घरीं जुनी मोटार असेल, त्यांनीं मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एक संध्याकाळ झांकण व तारा यांच्या तपासणीस द्यावी. ती एक संध्याकाळ भर पावसांतील पुष्कळ मनस्ताप वांचवील.