शंभर गुण, शेवटचा क्रमांक

एका शाळेत गणिताच्या चाचणीचे गुण संगणकात भरून उतरत्या क्रमाने यादी काढली. ती अशी आली: ९८, ९, ८७, १००. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी तळाला आणि नऊ गुणांचा मुलगा दुसरा! 'संगणक चुकला' असे सारे म्हणाले. आम्ही पाहिले, तर गुण 'संख्या' म्हणून नव्हे, 'अक्षरमाला' म्हणजे स्ट्रिंग म्हणून साठवले गेले होते.

शब्दकोशात शब्द कसे लावतात ते आठवा. आधी पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तरच दुसरे. 'कमळ' हा 'घर'च्या आधी येतो. शब्द लांब की आखूड, हे कोणी विचारत नाही. संगणकाने तेच केले. १०० चे पहिले अक्षर १, म्हणून तो सर्वांत लहान. ९ आणि ९८ यांचे पहिले अक्षर एकच, पण ९ तिथेच संपतो, म्हणून ९८ मोठा.

याचे मूळ साठवणीत आहे. आस्की संकेतात इंग्रजी अंक १ चा क्रमांक ४९ आणि २ चा ५०. त्यामुळे '१२' ही अक्षरमाला म्हणजे ४९ व ५० ही जोडी. बारा ही संख्या मात्र द्विमान पद्धतीत ११०० अशी मांडली जाते. अक्षरमालांची बेरीज होत नाही, जोडणी होते: '१२' ला '५' जोडले की '१२५'.

मग भाषेला प्रकार कळतो कसा? १९५७ च्या फोरट्रानमध्ये चलाच्या आद्याक्षरावरून कळे: आय ते एन असेल तर पूर्णांक. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ यांनी बेसिक तयार केली. तिच्यात पुढे अक्षरमालेच्या नावाला डॉलरचे चिन्ह लावू लागले. पायथनला '१२' या अक्षरमालेत ५ ही संख्या मिळवायला सांगितली तर ती चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्ट थांबत नाही. बेरीज सांगितली तर '१२५' देते, वजाबाकी सांगितली तर ७! आम्हाला पायथनचा हट्टच बरा वाटतो.

उलटी चूकही होते. मुंबईचा दूरध्वनी संकेत ०२२ संख्या म्हणून भरला, तर उरतात फक्त २२. ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नाही, ते अक्षरमाला म्हणूनच ठेवावेत.

त्या शाळेत गुणांच्या स्तंभाचा प्रकार बदलला आणि मुलगी पहिली आली. फलकावरची जुनी यादी मात्र दुपारपर्यंत तशीच होती.