भल्या पहाटे मिरांडाला

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं पहाटे पाचला ऑकलंडहून मोटारसायकलवर निघालो. पुण्यात असताना असेच सिंहगडावर जायचो. फरक एवढाच, की आता अंगात जाड जाकीट आणि मनात गुडघ्यांची काळजी! क्लीव्हडन, कावाकावा बे, काइआउआ असा किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता. एवढ्या पहाटे कशाला, असं विचाराल. त्या दिवशी भरती सकाळीच होती, आणि भरती आली की चिखलात चरणारे पक्षी काठाजवळ येतात.

आम्हाला पाहायचे होते कुआका, म्हणजेच गॉडविट. हे जन्मतात अलास्कात आणि पॅसिफिक ओलांडून थेट इथे येतात. २००७ मध्ये ई-७ या मादीने ११,६८० किलोमीटर अंतर आठ दिवसांत न थांबता कापल्याची नोंद उपग्रहाद्वारे झाली. निघण्यापूर्वी चरबी साठवायची आणि वजन वाचवण्यासाठी जठर-आतडी आक्रसून घ्यायची, हे त्यांचं इंधनाचं गणित आमच्यासारख्या इंजिनियरांना लाजवणारं! मार्चमध्ये मोठे पक्षी पीत समुद्रामार्गे परत निघतात. तरुण पक्षी मात्र पहिली काही वर्षं इथेच राहतात.

थर्मासमधला चहा पिताना आमच्यात तो विषय निघालाच. आपणही पाच वर्षांनी परतणार होतो ना? त्याला आता अठरा वर्षं झाली. दोन्हीकडच्या आयांना दर रविवारी फोनवर ‘येतो’ म्हणतो, तेवढंच.

एक थवा उठला, उत्तरेकडे वळला. आम्ही बराच वेळ गप्प होतो.

घरी पोचल्यावर आधी तिकिटं काढली. कायमचं परतायची नव्हेत, जाऊन यायची. पण काढली!