गावाकडचे गाणे आणि शहरातला बार

श्रोतेहो, अमेरिकेत गाण्याचा एक प्रकार आहे, त्याला 'कंट्री म्युझिक' म्हणतात. इथे कंट्री म्हणजे देश नव्हे, गावाकडचा मुलूख. तर हे झाले गावाकडचे गाणे. पण आज ते समोर बसून ऐकायचे तर माणसे बहुधा शहरातल्या एखाद्या बारची वाट धरतात. शेतकऱ्याचे गाणे दारूच्या दुकानात कसे जाऊन बसले? तिथे त्याचे काय झाले? आणि गाणाऱ्याचे पोट तिथे कशावर चालते? एवढेच आज पाहू.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड इकडून आलेली माणसे तिथे वसली. त्यांनी आपल्याबरोबर फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, आणि लांबलचक कथागीते आणली. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी बँजो दिला. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बेंजो वेगळा बरे का. त्याला बटणे असतात. हा बँजो कातड्याने मढवलेला, लांब दांडीचा. दिवसभर राबून झाले की घराच्या ओट्यावर किंवा खळ्यात ही वाद्ये वाजत. शहरी माणसे या गाण्याला 'हिलबिली' म्हणून हिणवत. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी.

या अडाणी म्हटलेल्या गाण्याला मान मिळाला तो आधी रेडिओमुळे. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीने १९२५ साली डब्ल्यूएसएम हे केंद्र काढले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सत्तरी ओलांडलेल्या अंकल जिमी थॉम्प्सन यांनी तिथे फिडल वाजवले, आणि दर शनिवारी रात्री असा कार्यक्रम होऊ लागला. १९२७ मध्ये त्याचे नाव 'ग्रँड ओल ऑप्री' पडले. तो आजही चालू आहे. रात्री दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवर माणसे रेडिओभोवती जमत आणि आपलेच गाणे शहरातून परत आलेले ऐकत.

मग बार कुठून आला? १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर रस्त्यांच्या कडेला, विशेषतः टेक्सासच्या तेलविहिरींच्या भागात, लहान लहान दारूची दुकाने निघाली. त्यांना 'हाँकी-टाँक' म्हणू लागले. गाव सोडून मजुरीला आलेली माणसे संध्याकाळी तिथे जमत. गाणे त्यांच्याबरोबरच गावाहून आले होते. तेही त्यांच्यामागून आत शिरले.

आत शिरले, पण तिथे गोंगाट किती! ग्लासांची खणखण, नाचणाऱ्यांचे बूट, मोठमोठ्याने चाललेल्या गप्पा. ओट्यावरची साधी गिटार तिथे ऐकू कशी यावी? अर्नेस्ट टब या गायकाला ज्यूकबॉक्सवाल्यांनी सांगितले, की गर्दी झाली म्हणजे तुमच्या तबकड्या ऐकू येत नाहीत. ज्यूकबॉक्स म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजवणारे यंत्र. टब यांनी १९४१ साली आपल्या गाण्याला विजेची गिटार जोडली आणि ते गाणे देशभर गाजले. पुढे ड्रम आले, विजेवरची स्टील गिटारही रुळली. तिच्या तारांवर पोलादी कांब घसरवतात, त्यामुळे आपल्या मिंडेसारखा रडवेला, लांबलेला स्वर निघतो. ही युक्ती मूळ हवाई बेटांवरची. तिथूनच ती आपल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतातही पोहोचली. तेव्हा हा आवाज तुमच्या कानांना अगदीच परका वाटणार नाही.

आवाज बदलला, तसा विषयही बदलला. आई, डोंगरातले घर, देवळातली प्रार्थना यांच्या शेजारी आता दारू, दुरावा आणि मोडलेले संसार आले. बायकांनीही आपली बाजू मांडली. बारमध्ये रमणाऱ्या बाईला बोल लावणारे एक गाणे १९५२ साली फार लोकप्रिय झाले. किटी वेल्स यांनी त्याला गाण्यानेच उत्तर दिले: बाई बिघडते म्हणता, पण घरी बायको ठेवून एकटे असल्याचे सोंग करणारे पुरुष कोण? आपल्या तमाशातला सवाल-जवाबच म्हणा ना! काही ठिकाणी ते गाणे वाजवायला मनाई झाली, तरी ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्या बाईच्या गाण्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

आता अशा रात्री बारमध्ये काय चालते ते पाहा. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर एकाला लागून एक असे बार आहेत. टूट्सी बेस नावाच्या बाईंनी १९६० साली घेतलेला 'टूट्सीज ऑर्किड लाउंज' त्यांतलाच. ऑप्रीचे सभागृह तेव्हा त्याच्या पाठीमागच्या बोळापलीकडे होते. तिथले कलावंत मागल्या दाराने इकडे येत. विली नेल्सनसारखे नामवंत त्यांतलेच. आत एका कोपऱ्यात लहानसा मंच, त्यावर चार-पाच वादक. कित्येकदा त्यांतले दोघे त्याच दिवशी प्रथम भेटलेले असतात. तालीम नाही, समोर कागद नाही, तरी गाणे कुठे अडत नाही.

याचे गुपित आकड्यांत आहे. पट्टीतल्या स्वरांना १ ते ७ असे क्रमांक द्यायचे आणि त्या-त्या स्वरावर उभा राहणारा स्वरमेळ त्याच क्रमांकाने ओळखायचा. नील मॅथ्यूज या गायकाने १९५० नंतरच्या दशकात ही पद्धत नॅशव्हिलमध्ये वापरात आणली. म्होरक्या पाठीमागे हात नेऊन चार बोटे दाखवतो, की सगळे चौथ्या मेळावर जातात. गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, आकडे बदलत नाहीत. शिक्षक मंडळींनी हे शाळेच्या पेटीवर करून दाखवावे. सा-ग-प एकदम दाबा, हा पहिला मेळ. म-ध आणि वरचा सा, हा चौथा. प-नी आणि वरचा रे, हा पाचवा. शेकडो कंट्री गाणी एवढ्या तीन मेळांवर उभी आहेत. सरगम येणाऱ्या मुलाला हे चटकन उमगेल.

आणि पैसा? ब्रॉडवेवरच्या बहुतेक बारमध्ये आत जायला तिकीट नसते. वादकांना मालकाकडून थोडी बिदागी मिळते. बाकी भिस्त बक्षिसीवर. चार-चार तासांच्या पाळ्या सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालतात, आणि मधून मधून एक बादली किंवा बरणी श्रोत्यांपुढे फिरते. कुणाला आवडीचे गाणे हवे असेल तर तो नोट टाकतो. आपल्याकडे याला दौलतजादा म्हणतात. त्यातला धोकाही तोच. ज्याच्या हातात नोट, त्याची फर्माईश. आणि फर्माईश होते ती ओळखीच्या गाण्याची. स्वतःचे नवे गाणे बांधणारा मुलगा रात्रभर दुसऱ्यांचीच गाणी गात राहतो. नवे गाणे ऐकणार कोण?

यावर त्याच शहरात एक उत्तर निघाले. शहराच्या एका टोकाला 'ब्लूबर्ड कॅफे' १९८२ साली सुरू झाला. जागा जेमतेम नव्वद माणसांची. तिथे गाणी बांधणारे चौघे मधोमध गोल करून बसतात आणि पाळीपाळीने आपले गाणे म्हणतात. गाणे कसे सुचले तेही सांगतात. भोवतीच्या लोकांनी गप्प बसायचे, हा तिथला नियम. कुणी बोलू लागले तर त्याला हळूच गप्प केले जाते. पुढे प्रचंड नाव कमावलेले गार्थ ब्रूक्स अशाच श्रोत्यांपुढे गाऊन पुढे आले.

बारने घेतले तेही विसरू नये. हँक विल्यम्स यांच्याइतका मोठा गीतकार या परंपरेत क्वचितच झाला. पाठीचे जुने दुखणे, दारू आणि वेदनाशामक औषधे यांनी त्यांचा घास घेतला. १ जानेवारी १९५३ रोजी कार्यक्रमाला जाताना मोटारीतच त्यांचा अंत झाला. वय अवघे २९. ज्या जागेने गाण्याला आसरा दिला, तिनेच अनेक गाणारे गिळले.

तेव्हा मंडळी, गाणे एकट्या गाणाऱ्याच्या गळ्यात वाढत नाही. ऐकणारा जिथे बसतो आणि जसा बसतो, तसे ते घडते. गोंगाटाने त्याला विजेचा आवाज दिला, नोटेने जुन्या चालीला बांधून ठेवले, आणि गप्प बसलेल्या नव्वद माणसांनी त्याला नवे शब्द दिले. तुमच्या गावच्या चावडीपुढे एखादा पोरगा स्वतः रचलेले गाणे म्हणायला उभा राहिला, तर ते कडव्याअखेरपर्यंत ऐकून घ्या. बक्षिसी मग द्या.