निष्पत्तीचा रकाना भरला, वजाबाकीचं काय?

जूनमध्ये शाळा उघडली की प्राथमिक शिक्षकाच्या टेबलावर सगळ्यात आधी येते ती टाचणाची वही. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन आणि मग रोजचं टाचण. केंद्रप्रमुख भेटीला आले की हीच वही मागवतात, चाळतात, सही करतात. गेल्या काही वर्षांत या वहीत अध्ययन निष्पत्तीचा एक रकाना वाढला आहे. गणिताच्या तासापुढे त्यात ०३.७१.०१ असा क्रमांक दिसतो. ०३ म्हणजे तिसरी, ७१ म्हणजे गणित, शेवटचा आकडा निष्पत्तीचा. क्रमांक लिहिला की नियोजन निष्पत्तीनुसार झालं, अशी समजूत आता चांगलीच रुळली आहे. आयती टाचणं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्यांत क्रमांकही आयताच असतो, त्यामुळे तो लिहिणाऱ्याने निष्पत्ती वाचली असेलच असं नाही.

या निष्पत्ती आल्या कुठून? शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. प्रत्येक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यायला हवं, हे मात्र त्यात सांगितलेलं नव्हतं. २०१७ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून इयत्तावार, विषयवार निष्पत्तींची तरतूद केली आणि एनसीईआरटीने प्राथमिक स्तरासाठी त्या तयार केल्या. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही त्यांचा तक्ता सुरुवातीच्या पानांवर छापला जाऊ लागला. ही पानं पुस्तकात सगळ्यात कमी मळलेली असतात.

‘पुस्तक संपलं म्हणजे निष्पत्ती साध्य झाली’

सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच आहे. तो काढायला एकच उदाहरण पुरेसं आहे, पण ते नीट उलगडून पाहायला हवं.

तिसरीची निष्पत्ती सांगते, की मूल रोजच्या व्यवहारातले साधे प्रश्न तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी करून सोडवतं, हातच्याची आणि बिनहातच्याची, ९९९च्या आत. पुस्तकाच्या पानावर मात्र उभ्या मांडणीच्या वजाबाक्या ओळीने असतात. वर्गाने त्या सगळ्या सोडवल्या, फळ्यावर तपासल्या, वहीत ‘बरोबर’ची खूण झाली. व्यवहारातला प्रश्न कुठे आला? तो पाठाच्या शेवटच्या दोन शाब्दिक उदाहरणांत होता, आणि ती वेळेअभावी घरी दिली गेली.

निष्पत्तीला धरून नियोजन करायचं तर क्रम उलटा लागतो. पाठाच्या शेवटी मुलाने कोणता प्रश्न स्वतः सोडवून दाखवायचा, हे आधी लिहायचं. मग त्यासाठी कोणता अनुभव द्यायचा, कोणतं साहित्य लागेल ते ठरवायचं, आणि पुस्तकाचं पान सर्वांत शेवटी निवडायचं. समजा प्रश्न ठरला: शाळेच्या वाचनालयात ५०२ पुस्तकं आहेत, २६७ मुलांना वाटली, कपाटात किती उरली?

उत्तर २३५. पण नियोजन करणाऱ्याला चुकलेली उत्तरं जास्त उपयोगाची असतात. एका मुलीचं उत्तर ३६५ आलं. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: पाचातून दोन, सहातून शून्य, सातातून दोन. तिच्या लेखी वजाबाकी म्हणजे दोन अंकांतला फरक. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, याला अर्थच नाही. दुसऱ्याचं उत्तर २६५. हातचा घ्यायचा हे त्याला ठाऊक आहे, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर त्याने शतकातून उचललेला हातचा थेट एककाला दिला, दशकाचं शून्य तसंच ठेवलं आणि तिथे उलट सहातून शून्य वजा केलं. तिसरीचं उत्तर २४५. तिने शतक मोडून दहा दशकं केली, त्यातलं एक दशक एककाला दिलं, इथपर्यंत सगळं बरोबर. पण दहातून एक गेल्यावर नऊ उरतात, ते लिहायचं राहिलं.

तिघांना गुण सारखेच, शून्य. शेरा सारखाच, ‘वजाबाकीचा सराव हवा’. तिघांची गरज मात्र निराळी आहे. ३६५वाल्या मुलीला आकडेमोड बाजूला ठेवून दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्याव्या लागतील. दोन सुट्या काड्यांतून सात काढताच येत नाहीत, हे तिला आधी हाताने कळायला हवं. २६५वाल्याला खेळातल्या नोटा पुरतात. शंभराची नोट मोडून थेट दहा रुपये हातात घेतले, तर बाकीचे नव्वद गेले कुठे, हा हिशेब तो लगेच विचारतो. २४५वालीला साहित्याची गरज नाही, तिला फक्त मधली पायरी लिहायची सवय लावायची. तिघांनाही पुन्हा वीस वजाबाक्या दिल्या तर पहिली मुलगी तीच चूक वीस वेळा करेल. यशस्वीपणे.

उद्याच्या टाचणात असं तीन गटांचं काम येणं, हे माझ्या मते निष्पत्तीनुसार नियोजन. क्रमांक लिहिला नाही तरी चालेल, अर्थात केंद्रप्रमुखांना चालणार नाही.

‘एक तास, एक निष्पत्ती’

रकाना भरण्याच्या सोयीतून आलेली ही समजूत आहे. घड्याळात पूर्ण तास वाचणं दोन-चार दिवसांत उरकतं. स्थानिक किंमत वर्षभर पुरते, आणि वर्षाच्या शेवटीही काही मुलांची कच्ची राहते. निष्पत्ती वर्षाच्या शेवटी कुठे पोचायचं ते सांगतात, तासांची वाटणी सांगत नाहीत.

‘नव्या पद्धतीत पाढ्यांना जागा नाही’

याच्या अगदी उलट समजूतही तितकीच घट्ट आहे: पाढे तोंडपाठ असले की गुणाकार येतो. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकीपर्यंत पाठांतराची परंपरा होती, म्हणून घरातली मोठी माणसं हा मुद्दा जरा जोरात मांडतात. निष्पत्ती यात कोणाचीच बाजू घेत नाही. तिसरीत २, ३, ४, ५ आणि १०चे पाढे मुलाने तयार करावेत आणि व्यवहारात वापरावेत, एवढंच ती म्हणते. तयार करणं म्हणजे चारचारच्या ओळी मांडून, उड्या मारत मोजून चारचा पाढा स्वतः लिहून काढणं. पाठांतर त्यानंतर जरूर करावं, त्याने पुढचा भागाकार सोपा जातो. पण ‘चार सक चोवीस’ धडाधड म्हणणारं मूल सहा रिक्षांत चार-चार मुलं बसली तर एकूण किती, यावर थांबून ‘बेरीज करू की गुणाकार?’ असं विचारत असेल, तर निष्पत्तीचा अर्धाच भाग झाला आहे.

‘आकारिक मूल्यमापन म्हणजे छोट्या लेखी चाचण्या’

महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० रोजी निघाला. त्यात पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भार ठरवला गेला. म्हणजे मूल जितकं लहान तितकं त्याचं मूल्यमापन रोजच्या कामातून व्हावं. आकारिकची साधनंही एकूण आठ दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि सहाध्यायी किंवा स्वयंमूल्यमापनासारखी इतर तंत्रं. चाचणी या आठांतली एक. प्रत्यक्षात ती एकच मोठी झाली आणि बाकीच्या सातांचे गुण सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरले जाऊ लागले.

वर्णनात्मक नोंदींची गोष्ट याहून वाईट. ‘गणितात गती चांगली’, ‘उदाहरणे आवडीने सोडवते’ अशा नोंदींच्या याद्याच मिळतात, त्यातून मुलांना वाटून टाकायच्या. या नोंदीवरून उद्याचा पाठ आखता येईल का, हा प्रश्न एकदा प्रत्येक नोंदीला विचारून पाहावा. ‘दशकात शून्य आलं की अडखळतो, नोटा दिल्या की जमतं’ ही नोंद भाषेने साधी, पण पुढच्या आठवड्याचं नियोजन तिच्यातच आहे. शासन निर्णयाला हीच नोंद अपेक्षित होती.

‘चाचण्यांसाठी वेगळी तयारी करावी लागते’

इथे दोन-तीन गोष्टींचा गुंता आहे, तो सोडवलेला बरा.

राज्यात २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात: पायाभूत, संकलित १ आणि संकलित २. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. यातली पायाभूत चाचणी सत्राच्या सुरुवातीला होते आणि ती मागच्या इयत्तेत काय आलं ते पाहते. तिचे गुण कमी आले की चालू वर्गाच्या बाईंना जाब विचारला जातो, ही गंमतच आहे. बाईंनी त्या निकालाचा उपयोग करायचा तो सुरुवातीच्या आठवड्यांच्या नियोजनासाठी. तिसरीच्या वर्गात दुसरीची कोणती निष्पत्ती अजून कच्ची आहे, ते या चाचणीतून कळतं.

राष्ट्रीय सर्वेक्षणं ही दुसरी गोष्ट. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ने तिसरी, सहावी आणि नववीचं सर्वेक्षण केलं. ही नमुना सर्वेक्षणं आहेत. निवडलेल्या शाळांतल्या मुलांवरून राज्याचं, जिल्ह्याचं चित्र काढायचं, एवढाच त्यांचा हेतू. एखाद्या मुलाला किंवा शाळेला पास-नापास करण्यासाठी ती नसतात. म्हणून आधीचा महिनाभर नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घेण्यात मुलांचा फायदा काही नाही, आणि जिल्ह्याचं चित्र मात्र खोटं येतं.

बहुपर्यायी प्रश्नांचा एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. चांगल्या प्रश्नातले चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसतात. ५०२ वजा २६७ला पर्याय २३५, ३६५, २६५ आणि २४५ असे दिले असतील, तर वर्गातल्या किती मुलांनी कोणता पर्याय निवडला यावरून शिक्षकाला तयार गट मिळतात. चाचणीशी जुळणारं नियोजन करायचं तर ते चाचणी झाल्यानंतर सुरू होतं. आपल्याकडे चाचणी झाली की गुण ऑनलाइन भरायची धावपळ होते आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात जातो.

‘निपुण आणि निष्पत्ती एकच’

हेतू एकच, मजकूर नाही. ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने ९९९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात असं लक्ष्य आहे. २०१७च्या निष्पत्तींमध्ये तिसरीची मर्यादा ९९९. शिक्षकांची याबद्दलची तक्रार रास्त आहे. एकाच वर्गासाठी वरून दोन कागद आले तर ते आधी एकमेकांशी जुळवायचं काम वरच्यांचंच. तोवर व्यवहार असा: तीन अंकी संख्यांत दहा सुट्यांचं एक दशक, दहा दशकांचं एक शतक हे ज्याला पक्कं झालं, त्याला दहा शतकांचा एक हजार परका वाटत नाही. ज्याला ते झालं नाही, त्याला ९९९९पर्यंतचं लेखन म्हणजे निव्वळ सुलेखन. तेव्हा आधी ९९९, पण मुळापासून.

‘शिष्यवृत्तीचं गणित म्हणजे खरा दर्जा’

शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे, निवडीसाठी आहे, आणि तिच्या प्रश्नांचा वेग निराळा आहे. ती जरूर द्यावी. सगळ्या वर्गाचं नियोजन तिच्या सरावपुस्तकावरून करू नये.

‘दोन शिक्षकी शाळेत हे शक्य नाही’

पहिली ते चौथीचे वर्ग दोघांत वाटून घेतलेल्या शाळा राज्यात खेडोपाडी आहेत, आणि तिथला शिक्षक ‘दोन-दोन इयत्तांच्या निष्पत्ती कुठून आणू?’ म्हणतो तेव्हा ते काही निमित्त नसतं. पण गणितात एक सोय आहे. एकच विषय दरवर्षी थोडा वर सरकतो, त्यामुळे एकाच कामात वेगवेगळ्या इयत्ता बसवता येतात. वर्गातलं दुकान घ्या. पहिलीची मुलं वीसच्या आत वस्तू मोजून देतात. दुसरीच्या निष्पत्तीत शंभर रुपयांपर्यंतची रक्कम तीन-चार नोटा-नाण्यांत दाखवायची आहे, म्हणून ती मुलं गिऱ्हाईक होतात आणि ७५ रुपये ५०, २० आणि ५ असे मोजून देतात. तिसरीचं मूल दरपत्रक लावतं, बिल करतं, १८५ रुपयांच्या बिलाला २०० घेऊन १५ परत करतं. चौथीला पाव, अर्धा, पाऊण आहेत: १६० रुपये किलोचे शेंगदाणे पाव किलो घेतले तर किती, आणि पाऊण किलोला किती.

मांडामांड धरून हे पाऊण तासात होतं. शिक्षकाने गल्ल्याजवळ बसायचं, कारण परत करायची रक्कम तिथेच चुकते, आणि प्रत्येक इयत्तेतल्या दोन-तीन मुलांपुरतं एका कागदावर टिपून घ्यायचं. टाचणात त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक इयत्तेचा एकेक क्रमांक येईल, शेजारी साहित्य म्हणून खेळातल्या नोटा, आणि त्या टिपणावरून दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात कुणाला काय द्यायचं ते.