नोकरी गेली, मग भत्ताही जाणार?

सप्टेंबर २०२१ संपता संपता न्यूयॉर्क राज्यातल्या एखाद्या परिचारिकेने कोविडची लस नाकारली, रुग्णालयाने तिला काढून टाकलं आणि तिने बेकारी भत्त्याचा अर्ज भरला, तर राज्याच्या कामगार खात्याची भूमिका ठरलेली होती: सवलतीचं मान्य होण्याजोगं कारण नसेल, तर भत्ता नाही. महिन्याभराने आयोवा राज्यात तिला तो मिळाला असता. २९ ऑक्टोबरला तिथल्या गव्हर्नर किम रेनल्ड्स यांनी तशा कायद्यावर सहीच केली.

अमेरिकेत या भत्त्याची चौकट १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घातली, बारीकसारीक नियम मात्र राज्यांचे. पैसा प्रामुख्याने मालकांवरच्या करातून येतो. ज्याने काढलेली माणसं भत्त्यावर जास्त, त्याच्या कराचा दरही चढा. म्हणून अर्ज येताच मालकाला नोटीस जाते, मालक हरकत घेतो आणि पुष्कळदा फोनवरच सुनावणी होते. विचारायचं असतं एवढंच, की कामगाराने गैरवर्तन केलं का?

त्याची कसोटी १९४१ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात घालून दिली आणि ती अनेक राज्यांनी उचलली. मालकाचं हित जाणूनबुजून धुडकावणं हे गैरवर्तन. काम न जमणं किंवा साधी चूक होणं हे नव्हे. लस नाकारणारा तर जाणूनबुजूनच नाकारतो. पण नियमाचा कामाशी संबंध किती, हेही पाहायला हवं. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचा नकार रुग्णाच्या जिवाशी येतो. घरी बसून हिशेब लिहिणाऱ्याचं तसं नाही.

धर्माचं कारण वेगळं. साउथ कॅरोलायनातल्या गिरणीत शनिवारी काम करायला श्रद्धेपोटी नकार देणाऱ्या अडेल शर्बर्ट यांचा भत्ता अडवता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये ठरवलं. नुसत्या राजकीय मताला हे कवच नाही.

लस घ्यायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही कामावरून काढणं आणि घरची चूल अडवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा प्रत्येकाची हकिगत ऐकूनच व्हावा. आयोवाचा कायदाही मला पटत नाही. सुरक्षेचे बाकीचे नियम मोडणाऱ्याला जुनीच कसोटी आणि लस नाकारणाऱ्याला सरसकट माफी, हा न्याय कुठला?

आपल्याकडेही हा पेच येऊ शकतो. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबईची लोकल दोन डोस घेतलेल्यांसाठीच उघडली होती. लसीची सक्ती कोणावर करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ला सांगितलं. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा मात्र ठेवली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या निम्मी मदत मिळते. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला ती मिळत नाही.